नळीचे सोवळे

ज्या नगरीत जन्मजन्मांतरीच्या पातकांचे क्षालन रामकुंडातील एका बुडीने होते, आणि ज्यांचे तेवढ्याने समाधान होत नाही त्यांच्यासाठी त्र्यंबकेश्वरी कुशावर्ताची अधिक सोय करून ठेवलेली आहे, त्या नाशिक क्षेत्रात शुद्धीचे एखादे नवे शास्त्र उदयास आले तर त्याचे वस्तुतः कोणाला आश्चर्य वाटू नये. परंतु साडेचार मिलिमीटर व्यासाच्या आणि हातभर लांबीच्या एका पोलादी नळीला स्नान कधी घालावे, कशाने घालावे, कोणत्या दिशेने घालावे आणि मुळात घालावे की नाही, या प्रश्नावर सुशिक्षित, सुस्वभावी आणि एरवी एकमेकांच्या घरच्या लग्नकार्यांत अगत्याने मिरवणारे गृहस्थ जेव्हा आवाज चढवून भांडू लागतात, तेव्हा पंचवटीतील शास्त्रार्थाची परंपरा अद्याप खंडित झालेली नाही अशी आमच्यासारख्या तटस्थ श्रोत्याची खात्री पटते. वाद हवेच्या बंदुकीचा असल्यामुळे त्यात हवेचे प्रमाण अधिक असावे, हेही क्रमप्राप्तच होय.

ज्यांचा या आयुधाशी परिचय जत्रेतील फुग्यांपलीकडे गेलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. हवेच्या बंदुकीत दारू नसते, काडतूस नसते, धूर नसतो. स्प्रिंगच्या दट्ट्याने दाबलेली किंवा टाकीत आगाऊ भरून ठेवलेली हवा शिशाच्या एका डमरूच्या घाटाच्या छर्ऱ्याला मागून ढकलते, आणि तो छर्रा नळीच्या आतल्या अंगाला कोरलेल्या पिळाच्या खाचांत अडकून स्वतःभोवती गिरक्या घेत, स्पर्धेच्या रायफलीत सेकंदाला सुमारे पावणेदोनशे मीटर वेगाने, बाहेर पडतो. २०१६ सालच्या शस्त्रनियमांप्रमाणे जिचा जोर २० ज्यूलपेक्षा अधिक नाही आणि जिच्या नळीचा व्यास ०.१७७ इंचापेक्षा मोठा नाही, अशा बंदुकीला सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे जिल्हाधिकारी कचेरीचे उंबरठे झिजवण्यात, अर्जावर अर्ज करण्यात आणि शिक्क्यांची रुजवात घेण्यात जी श्रद्धा व जो काळ एरवी खर्ची पडला असता, तो सर्व येथे शिल्लक राहतो आणि नळीच्या सेवेला लागतो. पिंपळगाव-निफाडकडचे काही बागाईतदार द्राक्षांवर येणाऱ्या पोपटांच्या बंदोबस्तासाठी म्हणून ही बंदूक खरेदी करतात. पुढे त्यांना कोणीतरी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचून दाखवतो आणि बंदूक भिंतीवर चढते. ज्या बंदुकीने काहीही मारायचे नसते, तिचीच साफसफाई सर्वांत कसोशीने होते, हे आम्ही तिकडे वारंवार पाहिले आहे.

या सेवेचा उगम ज्या निकडीत आहे ती मात्र खोटी नव्हे. दहा मीटरवरच्या स्पर्धेत निशाणाच्या मध्यभागी जो दहा गुणांचा ठिपका असतो, त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. आणि त्यावर डागायचा छर्रा साडेचार मिलिमीटरांचा. म्हणजे आयुध निशाणाच्या नऊपट मोठे! अर्जुनाला निदान माशाचा डोळा बाणाच्या टोकाहून मोठा मिळाला होता. शिवाय हल्ली दहावर भागत नाही. दहाचेही दहा भाग पाडलेले असून १०.९ हा परमोच्च गुण मिळवायचा तर छर्ऱ्याचा मध्य निशाणाच्या मध्यापासून पाव मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे, आणि हे साठ वेळा साधले पाहिजे. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी याच प्रकारात सुवर्णपदक मिळवताना शेवटचा छर्रा १०.८ वर लावला. पुढे १ ऑगस्ट २०२४ रोजी, नेमबाजीचे धडे ज्याने नाशकातही गिरवले त्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरच्या रायफलीत ४५१.४ गुणांनी कांस्यपदक आणले. तो तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता हे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्यावर नाशिकरोड स्थानकावरील फुकट्या प्रवाशांच्या मनात काय कालवाकालव झाली असेल ती असो. पण त्या दिवसापासून गंगापूर रोडच्या प्रत्येक सोसायटीत एक तरी भाचा रायफल मागू लागला, आणि भाच्यापाठोपाठ नळी कशी पुसावी हे सांगणारे दोन मामा निर्माण झाले.

नळी म्हणजे ती पोलादीच असावी आणि आरशासारखी लखलखीत असावी, हा आग्रह मात्र तुलनेने अर्वाचीन आहे. नाशिकच्या उत्तरेस चार-पाच कोसांवर रामशेजचा किल्ला आहे. १६८२ साली मोगल सरदार शहाबुद्दीनखानाने त्याला वेढा घातला तेव्हा गडावर दारू मुबलक होती, पण लोखंडी तोफ एकही नव्हती. तेव्हा गडकऱ्यांनी झाडांचे बुंधे पोखरून त्यांच्या तोफा केल्या आणि त्यांतून चामड्याचे गोळे डागले, अशी नोंद खुद्द मोगलांच्या बाजूच्या खाफीखान या इतिहासकाराने केलेली आहे. बादशाही फौज पाच वर्षे त्या टेकडीपाशी हात चोळीत बसली. मध्यंतरी मंत्रबळाने गड घेऊ म्हणणाऱ्या कोणा मांत्रिकाने सोन्याचा नाग करून मागितला आणि नाग हातात धरून तो फौजेच्या अग्रभागी चालू लागला, तोच गडावरून आलेला गोफणीचा धोंडा त्याच्या छातीवर बसून मांत्रिक एकीकडे आणि नाग दुसरीकडे झाला, असे सांगतात. अचूक नेमबाजीचा नाशिक परिसरातील हा एक फार जुना दाखला असून त्यात नळीच नव्हती, ही गोष्ट आम्ही आजच्या शास्त्रार्थात एकदा मांडून पाहिली. दोन्ही पक्षांनी ती एकमताने गैरलागू ठरवली. दोन्ही पक्षांचे एकमत झाल्याचा तेवढाच प्रसंग आमच्या स्मरणात आहे.

हे दोन पक्ष म्हणजे नित्यस्नानी आणि सिंहस्थी. नित्यस्नानी पंथाचे आचार्य एक निवृत्त सुभेदार असून त्यांची हयात देवळालीच्या तोफखान्यात गेली. जेथे १५५ मिलिमीटर तोंडाच्या तोफेत चाळीस किलोंहून जड गोळा घालायचा आणि दिवसाअखेर त्या नळीत चार-पाच गोलंदाजांनी मिळून लांबलचक दांड्याचा ब्रश चालवायचा, तेथे मुरलेल्या माणसाच्या हाती अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याची बंदूक आली तरी त्याच्या मनातला हुकूमनामा बदलत नाही. त्यांच्यापाशी पितळी वजनाची दोरी, म्हणजे फौजेच्या बोलीत फुलथ्रू, आहे. चार इंच बाय दोन इंच मापाच्या चिंद्या आहेत. तेलाची शीशी आहे. आणि नळी पाहायची ती नेहमी उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून, श्वास रोखून, हा दंडक आहे. रामभूमीवर धर्मवीर मुंजे यांनी १९३७ साली भोसला सैनिकी शाळा काढली तेव्हापासून नाशिकच्या पांढरपेशा घरांत बंदुकीची जी काही अदब आली, ती याच फुलथ्रूच्या दोरीने आलेली आहे, असे सुभेदारांचे प्रतिपादन आहे.

आता फौजेत ही अदब पडली ती सकारण पडली. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायन जळाल्यावर नळीत एक क्षार उरे, तो हवेतले पाणी शोषून घेई, आणि एका रात्रीत पोलादाला गंज चढे. म्हणून गोळीबार आटोपताच नळी उकळत्या पाण्याने धुवावी, कोरडी करावी, तिला तेल लावावे, असा कडक दस्तूर होता आणि तो मोडणाऱ्याला शिक्षा होती. हवेच्या बंदुकीत टोपी नाही, रसायन नाही, क्षार नाही. परंतु कारण मरून गेल्यावरही नियम शिल्लक राहतो आणि कारण नसल्यामुळे तो अधिकच पवित्र होतो, हा अनुभव केवळ तोफखान्यातच येतो असे नाही. ज्याने कोणत्याही सरकारी दफ्तरात तीन प्रतींत अर्ज दिला आहे त्याला तो आलेला असतो.

सिंहस्थी पंथाचे अध्वर्यू हे महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून आहेत. यांनी आपली नळी २०१५ च्या सिंहस्थात एकदा पुसली असून आता २०२७ च्या पर्वणीला पाहू, असे ते शांतपणे सांगतात. ज्या नगरीचे रस्ते, घाट आणि दिवे बारा वर्षांनी एकदाच मनापासून दुरुस्त होतात, त्या नगरीत बंदुकीने याहून अधिक लाडाची अपेक्षा का करावी, हा त्यांचा सवाल आहे.

"रावसाहेब, तुमच्या नळीत एव्हाना जळमटे झाली असतील," सुभेदार एकदा म्हणाले.

"असतील की, सुभेदारसाहेब," रावसाहेब छर्रा भरता भरता उत्तरले, "पण ती माझ्या ओळखीची आहेत. तुम्ही रोज नवी नळी घेऊन येता, आणि रोज तिची नव्याने ओळख करून घेता."

आम्ही त्या वेळी हे उत्तर निव्वळ कोटी समजून सोडून दिले. परंतु पुढे पदार्थविज्ञानाच्या अंगाने विचार करता असे दिसले की कारकुनाने शास्त्रच सांगितले होते. शिसे हा धातू अतिशय मऊ. छर्रा नळीतून घासत जाताना खाचांच्या भिंतींवर शिशाचा आणि छर्ऱ्यावरील वंगणाचा एक अत्यंत पातळ लेप मागे ठेवतो, आणि नंतरचे छर्रे त्या लेपावरून जातात. नळी घासूनपुसून लख्ख केली की हा लेप जातो. मग पहिले दहा-वीस, आणि एखाद्या हट्टी नळीत त्याहून बरेच अधिक छर्रे कोठेतरी भलतीकडे पडतात, हळूहळू लेप पुन्हा बसतो, आणि छर्ऱ्यांची भोके निशाणावर परत एकमेकांना चिकटू लागतात. म्हणजे नळीत शिशाची एक वहिवाट असते. ती पुसून टाकणाऱ्याला कब्जा मिळतो, पण शांतता मिळत नाही. उलट हा लेप वर्षानुवर्षे वाढत जाऊन कोठे जाड, कोठे विरळ झाला, तर छर्ऱ्याची वाट वाकडी होते आणि भोकांचा घोळका फुटतो. तेव्हा मात्र स्नानाला पर्याय नाही. सारांश, नळी शुद्ध आहे की मलिन, याच्याशी नेमाला कर्तव्य नाही. कालचा मळ आणि आजचा मळ सारखा आहे की नाही, एवढीच त्याची चौकशी असते. क्षेत्रस्थ ब्राह्मणांच्या गावी हा सिद्धांत उघड बोलणे धाडसाचे आहे, पण अचूकता हा सोवळेपणाचा गुण नसून सातत्याचा आहे.

स्नानाचा प्रसंग आलाच तर त्याचाही विधी आहे. दोरी किंवा चिंदी छर्रा भरण्याच्या बाजूने घालावी आणि मुखाकडून बाहेर काढावी. कारण नळीचे मुख, जेथून छर्रा शेवटचा निरोप घेतो, तेथे एक बारीकशी खरवड पडली तरी छर्ऱ्यामागची हवा एका अंगाने आधी निसटते आणि त्याला जाता जाता धक्का देऊन जाते. उलट्या बाजूने लोखंडी गज खुपसणाऱ्या उत्साही हातांनी जेवढ्या नळ्या बाद केल्या, तेवढ्या छर्ऱ्यांनी केल्या नसतील, असे जाणकारांचे मत आहे. काहीजण नमद्याच्या इवल्या गोळ्याच नळीतून डागतात; हा उपाय सुबक खरा, परंतु स्प्रिंगच्या बंदुकीत एकटी हलकी गोळी घातली तर हवेला अडवणारे पुढे काहीच नसल्याने दट्ट्या आतल्या आत आपटतो, आणि नळी स्वच्छ होत असताना बंदूक खिळखिळी होते.

चिंदी हा विषय गृहशांतीच्या दृष्टीने अधिक नाजूक आहे. ती सुती हवी, धुऊन धुऊन मऊ झालेली हवी, आणि तिचे तंतू सुटता कामा नयेत. या सर्व लक्षणांनी युक्त असे वस्त्र घरात एकच असते, आणि ते गृहिणीने गोधडीसाठी राखून ठेवलेले असते. "अहो, माझ्या आईच्या लुगड्याचा पदर कोणी फाडला?" या प्रश्नाला सुभेदारांसारखा युद्धात न डगमगलेला पुरुषही "राष्ट्रकार्याला लागला" यापलीकडे उत्तर देऊ शकला नाही, आणि ते उत्तर मंजूर झाले नाही.

तेलाचे प्रकरण याहून स्फोटक आहे, आणि हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरीत नाही. मराठी माणसाच्या घरात तीन तेले असतातच: स्वयंपाकाचे, डोक्याचे आणि शिलाई यंत्राचे. पावसाळ्यात इगतपुरीकडून येणारा दमटपणा पोलादाला बाधू नये म्हणून शेवटच्या प्रकारचे तेल चिंदीला नावापुरते लावून नळीतून एकदा फिरवावे आणि नेमबाजीपूर्वी कोरड्या चिंदीने ते टिपून घ्यावे, एवढाच खरा व्यवहार. परंतु जे थोडे चालते ते पुष्कळ अधिक चालेल या विश्वासाने काही तेलप्रेमी स्प्रिंगच्या बंदुकीत धारच सोडतात. दट्ट्या सुटताच दाबलेली हवा इतकी तापते की ते तेल डिझेल इंजिनाच्या न्यायाने आतल्या आत पेट घेते. धाडकन बार होतो, निळसर धूर निघतो, छर्रा बंदुकीच्या मालकालाही अज्ञात अशा दिशेने जातो, आणि ज्या बंदुकीला आवाज नसतो म्हणून शेजाऱ्यांची संमती मिळवली होती, ती शेजारच्या पाळण्यातील बाळाला जागे करते. खोबरेलाचा पक्ष त्या मानाने सात्त्विक. परंतु खोबरेल चोविसेक अंशांखाली थिजते, आणि निफाडचा पारा पौषात पाचांच्याही खाली उतरतो. तेथील एका बागाईतदाराच्या नळीत एका थंडीच्या सकाळी पांढरी मेणबत्ती तयार झालेली आम्ही प्रत्यक्ष पाहिली. छर्रा तिच्यात अर्ध्यावर जाऊन, ऊन पडेपर्यंत, समाधिस्थ बसला होता.

नळीची झडती आटोपली की संशय छर्ऱ्यांवर जातो, आणि तो सर्वस्वी निराधार नसतो. स्पर्धेचे छर्रे सपाट तोंडाचे असतात, म्हणजे कागदाला गोल व रेखीव भोक पडते आणि गुणांविषयी तंटा राहत नाही. त्यांची डोकी ४.४९, ४.५० व ४.५१ मिलिमीटर अशी वेगवेगळ्या मापांत मिळतात, आणि एका नळीला जे माप मानवते ते तिच्या सख्ख्या बहिणीला मानवेलच असे नाही. म्हणून जाणते खेळाडू बंदूक शिकंज्यात घट्ट आवळून, माणसाचा हात मुळी लागू न देता, निरनिराळ्या डब्यांतले छर्रे डागून पाहतात. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी मात्र वजनाचा मार्ग पत्करला. ते पाचशे छर्ऱ्यांची डबी घेऊन सराफ बाजारात गेले आणि प्रत्येक छर्रा ०.५३ ग्रॅम भरतो की नाही हे पाहण्यासाठी सोन्याच्या काट्याची विनंती केली. सराफाने प्रथम आदराने "मोड आहे का?" असे विचारले, वस्तू शिशाची आहे हे कळल्यावर चहा परत पाठवला, आणि पहिला छर्रा साडेचार गुंजांच्या किंचित आत भरल्याचे सांगून उरलेल्या चारशे नव्व्याण्णवांसाठी मजुरीचा दर विचारला. शिसे हे विष असल्यामुळे छर्रे हाताळल्यावर हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये आणि छर्रे दातांत तर कदापि धरू नयेत, ही वैद्यकीय सूचना पाळली गेली ती त्या दिवशी आपोआप, कारण खायला कोणी काही दिले नाही.

ज्यांना हवेची बंदूक म्हणजे पोरखेळ वाटतो त्यांनी हे ध्यानात घ्यावे की १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरांदोनी नावाची हवेची रायफल खरोखरच युद्धासाठी स्वीकारली होती. तिच्या दस्त्यात हवा भरण्यासाठी पंपाचे सुमारे दीड हजार हेलकावे द्यावे लागत, त्यामुळे शत्रू येईपर्यंत शिपाई जायबंदी नसला तरी गलितगात्र खास होई. पुढे सैन्याने ती सोडून दिली.

परंतु युद्धाची गोष्ट युद्धापाशी; नळीच्या शास्त्रातला खरा पंडित आम्हाला भेटला तो नवरात्रात, जुन्या आग्रा रोडवर, कालिकामातेच्या यात्रेत. फुगेवाल्याची बंदूक मधोमध मोडून छर्रा भरायच्या जातीची; तिच्या दस्त्याला तार गुंडाळलेली, माशी वाकलेली, आणि नळीला चिंदीचा स्पर्श कारखान्यातून निघाल्यावर झालेला नव्हता. नित्यस्नानी सुभेदारांनी ती हाती घेतली, नियमानुसार श्वास रोखला, आणि एकामागून एक छर्रे फुग्यांच्या फळीच्या उजव्या कडेला लावले. मग फुगेवाल्याने पान चघळीत तीच बंदूक कमरेवरूनच उचलली, लाल फुग्याच्या डावीकडच्या पिवळ्यावर रोखली, आणि लाल फोडला. "साहेब, ही उजवीकडे मारते," तो म्हणाला, "पण रोज तेवढीच मारते." रावसाहेबांनी त्याला तेथल्या तेथे दहाची नोट बक्षीस दिली. बारा वर्षांत एखाद्या सिद्धांतावर त्यांनी केलेला हा एकमेव खर्च असावा.

असे असूनही नेम चुकल्यावर जो पंचनामा होतो त्यात पहिला आरोपी म्हणून नळीच उभी केली जाते. छर्रा नऊच्या वर्तुळात गेला रे गेला की बंदूक उजेडाकडे धरली जाते. तिच्यात काही सापडले नाही तर छर्ऱ्यांच्या डबीची जप्ती होते. मग तेलाच्या शीशीची साक्ष निघते. त्यानंतर सभागृहातील पंखा, शेजारच्या खेळाडूचे खोकणे आणि निशाण लावणाऱ्या पोराचा निष्काळजीपणा यांची क्रमाने उलटतपासणी होते. एकदा मात्र एका तरुण प्रशिक्षकाने हे सर्व आरोपी एकत्र आणले: तीच न पुसलेली नळी, तेच छर्रे, तोच पंखा, आणि बंदूक शिकंज्यात. पाच छर्ऱ्यांचे मिळून एकच भोक पडले. मग शिकंजा काढून बंदूक आमच्या दोन्ही आचार्यांच्या खांद्याला आळीपाळीने देण्यात आली आणि भोके कागदभर पांगली. पुराव्याचा निष्कर्ष इतका उघड होता की क्षणभर कोणीच बोलले नाही. नंतर सुभेदार नळी पुसायला घेऊन गेले, आणि रावसाहेबांनी, तत्त्व बाजूला ठेवून, त्यांना चिंदी पुरवली. कारण फिर्यादीचीच झडती घेण्याची वहिवाट आपल्याकडे नाही.